रिमफायर पिस्तुलाचा बदलता घाट आणि नेमबाजांचा कौल

मराठवाड्यात शस्त्र परवाना म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती शेतवस्तीच्या राखणीची बारा बोअरची बंदूक किंवा एखाद्या व्यापाऱ्याच्या कमरेचे रिव्हॉल्व्हर. परवानाधारकांच्या यादीतच आणखी एक छोटा वर्ग असतो आणि त्याचा राखणीशी वा रुबाबाशी काही संबंध नसतो. हा वर्ग क्रीडा नेमबाजांचा. त्यांच्या हाती असते ते पॉइंट टू-टू (.२२) रिमफायर जातीचे टार्गेट पिस्तूल. या पिस्तुलाचा घाट गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा बदलला. कधी कारखानदारांनी तो सोयीसाठी बदलला, कधी आंतरराष्ट्रीय नियमांनी तो बदलणे भाग पाडले. प्रत्येक बदलाच्या वेळी पिस्तूलधारकांनी आपला कौल स्पष्टपणे दिला. हा कौल कसा घडतो आणि अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावातून या खेळात उतरू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी त्याचा अर्थ काय, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

रिमफायर म्हणजे काय?

काडतुसाच्या बुडाशी असलेल्या कडेला इंग्रजीत रिम म्हणतात. रिमफायर काडतुसात पेट घेणारे रसायन या पोकळ कडेतच भरलेले असते. पिस्तुलाचा टोचा कडेवर आदळला की ठिणगी पडते आणि दारू पेटते. सेंटरफायर काडतुसात हेच रसायन बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असते. रिमफायरची रचना साधी, किंमत कमी आणि धक्का सौम्य. म्हणूनच दिवसाला शेकडो गोळ्या झाडणाऱ्या नेमबाजाला ते परवडते. एनसीसीच्या छात्रांना .२२ रायफलच्या रूपाने या काडतुसाचा परिचय असतोच.

या जातीची दोन काडतुसे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले ‘शॉर्ट’. ते १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीच्या छोट्या रिव्हॉल्व्हरबरोबर आले. दुसरे ‘लाँग रायफल’. ते १८८७ चे. शॉर्टची गोळी साधारण १.९ ग्रॅमची, तर लाँग रायफलची सुमारे २.६ ग्रॅमची. फरक ग्रॅमच्या अंशांचा वाटतो. परंतु हात लांब करून, एकाच हाताने पिस्तूल पेलणाऱ्या नेमबाजाच्या मनगटाला तो लगेच जाणवतो. शॉर्टचा धक्का इतका कमी की पुढची गोळी झाडण्यासाठी पिस्तूल जवळजवळ जागचे हलत नाही. लाँग रायफल अधिक जोमदार असल्याने तोंड वर उचलते आणि ते खाली आणण्यात क्षण जातो.

नेमबाज पिस्तुलात काय पाहतो?

टार्गेट पिस्तुलाकडून नेमबाजाच्या अपेक्षा मोजक्याच असतात. मूठ हाताच्या ठशाबरहुकूम बसली पाहिजे. त्यासाठी अक्रोडाच्या लाकडाच्या मुठी कानशीने घासून, प्रसंगी लाकडाचा लगदा भरून हव्या तशा केल्या जातात. चाप दर वेळी अगदी त्याच वजनाला सुटला पाहिजे. नळी हाताच्या शक्य तितकी जवळ असली पाहिजे, म्हणजे धक्का सरळ मागे येतो आणि तोंड कमी उचलते. तोल पुढे हवा की मुठीपाशी, हे मात्र ज्याच्या त्याच्या सवयीवर अवलंबून असते. हजारो गोळ्यांच्या सरावानंतर या साऱ्या गोष्टी हाताच्या अंगवळणी पडतात. त्यामुळे रचनेत झालेला बदल बुद्धीला पटला, तरी हाताला पटायला वेळ लागतो. पिस्तूलधारकांच्या प्रतिक्रियांचे मूळ येथे आहे.

रुगरची चार रूपे

या प्रतिक्रियांचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी कनेक्टिकट राज्यात सुरू केलेल्या कंपनीने १९४९ मध्ये आपले पहिले .२२ पिस्तूल बाजारात आणले. १९५१ मध्ये त्याची टार्गेट आवृत्ती, म्हणजे ‘मार्क वन’, आली. स्वस्त, टिकाऊ आणि अचूक अशी त्याची ख्याती झाली. पुढे १९८२ मध्ये ‘मार्क टू’, २००४ मध्ये ‘मार्क थ्री’ आणि २०१६ मध्ये ‘मार्क फोर’ अशी त्याची रूपे येत गेली.

या पिस्तुलाच्या मालकांची एक जुनी तक्रार होती. साफसफाईसाठी ते खोलणे जितके किचकट, त्याहून पुन्हा जोडणे जिकिरीचे. मुठीच्या मागच्या बाजूस असलेली स्प्रिंगची पट्टी बसवताना आतील दांडी नेमक्या जागी आली नाही, तर सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागे. ‘मार्क थ्री’मध्ये कंपनीने ही अडचण तशीच ठेवली. वर नळीत काडतूस असल्याचे दाखवणारी पट्टी, मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारी व्यवस्था आणि आतील कुलूप अशा सुरक्षेच्या गोष्टी वाढवल्या. मॅगझिन सोडण्याचा खटका मुठीच्या बुडातून चापाजवळ आला, याचे स्वागत झाले. बाकीच्या भरीबद्दल मात्र अनेक मालकांनी नाके मुरडली. कित्येकांनी ते भाग काढून दुसऱ्या उत्पादकांचे सुटे भाग बसवले. सुरक्षेसाठी केलेली भर चापाच्या सुटण्यात ढवळाढवळ करते, असा त्यांचा आक्षेप होता.

‘मार्क फोर’मध्ये कंपनीने जुनी तक्रार अखेर मनावर घेतली. मागच्या बाजूचे एक बटण दाबले की वरचा भाग कब्जावर उलगडतो आणि क्षणात वेगळा होतो. पट्टी आणि कुलूपही गेले. पन्नास-साठ वर्षांची कुरबुर एका बटणाने मिटली, अशीच भावना या पिस्तुलाच्या चाहत्यांत उमटली. परंतु वर्ष उलटण्याआधीच, जून २०१७ मध्ये, १ जून २०१७ पूर्वी बनवलेली सर्व ‘मार्क फोर’ पिस्तुले दुरुस्तीसाठी परत मागवण्याची वेळ कंपनीवर आली. सुरक्षेचा खटका ‘बंद’ आणि ‘चालू’ यांच्या अधेमधे असताना चाप ओढला गेला आणि बार झाला नाही, तर पुढे खटका ‘चालू’कडे सरकवताच बार होण्याची शक्यता होती. कंपनीने खटक्याचा भाग बदलून दिला.

या प्रकरणातून दोन गोष्टी दिसतात. मालकांची जुनी तक्रार रास्त होती आणि ती ऐकल्यामुळे पिस्तूल सुधारले. त्याचबरोबर, नव्या रचनेकडे संशयाने पाहणारे नेमबाज निव्वळ सवयीचे गुलाम असतात असे नाही. हत्याराच्या बाबतीत सावधपणाला किंमत असते.

उलट्या पिस्तुलाची गोष्ट

रचना कोठवर बदलावी याचा वाद ऑलिंपिकच्या मैदानावरही झडला आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाज ‘एमटीएस-३’ नावाचे विलक्षण पिस्तूल घेऊन उतरले. त्याची यंत्रणा जणू उलटी बसवलेली होती. नळी हाताच्या वर असण्याऐवजी खाली, पंजाच्या पातळीत होती. त्यामुळे धक्का सरळ मनगटात जाई आणि तोंड वर उचलण्याचे नावच घेत नसे. येवगेनी चेर्कासोव्ह यांनी रॅपिड फायर प्रकारात रौप्यपदक मिळवले. सुवर्ण रुमानियाच्या स्टेफान पेट्रेस्कू यांना मिळाले. स्पर्धेनंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम बदलून अशा रचनेला दार बंद केले. पिस्तूल कितीही हुशारीने बनवले तरी ते पिस्तूलच राहिले पाहिजे, ही त्यामागची धारणा.

२००५ : ‘शॉर्ट’ची निवृत्ती

ऑलिंपिक नेमबाजांना सर्वाधिक झळ पोहोचवणारा बदल २००५ मध्ये आला. २५ मीटर रॅपिड फायर हा पुरुषांचा प्रकार. एका ओळीत पाच लक्ष्ये असतात. हात ४५ अंशांत खाली धरून उभे राहायचे आणि लक्ष्ये दिसताच हात उचलून पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी झाडायची. त्यासाठी प्रथम ८, मग ६ आणि शेवटी अवघे ४ सेकंद मिळतात. या प्रकारासाठी शॉर्ट काडतुसाची खास पिस्तुले विकसित झाली होती. त्यांच्या चापाला किमान वजनाची अट नव्हती. काहींच्या नळीला वरच्या बाजूने छिद्रे असत, म्हणजे वायू वर निसटून तोंड खाली राही. या साधनांवर गुणसंख्या इतकी चढली होती की जर्मनीच्या राल्फ शुमान यांनी १९९५ मध्ये ६०० पैकी ५९७ गुणांचा विक्रम केला.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने २००५ पासून रॅपिड फायरसाठीही स्पोर्ट पिस्तुलाचेच नियम लागू केले. काडतूस लाँग रायफल, चापाचे वजन किमान १००० ग्रॅम, पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम आणि सारे पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. चापाची तपासणीही काटेकोर असते. नळी उभी धरून चापाला एक किलोचे वजन अडकवले जाते. बार न होता ते वजन उचलले गेले, तरच पिस्तूल पास. अथेन्सचे २००४ चे ऑलिंपिक शॉर्टसाठी अखेरचे ठरले.

एका निर्णयाने अनेकांची आवडती पिस्तुले स्पर्धेच्या दृष्टीने शोभेची वस्तू झाली. जर्मनीची वॉल्थर, इटलीची पार्दिनी, स्वित्झर्लंडची मोरिनी या कारखान्यांना लाँग रायफलच्या पिस्तुलांवर नव्याने मेहनत घ्यावी लागली. चार सेकंदांच्या फैरीत जड चाप आणि उचलणारे तोंड सांभाळायचे कसे, हा प्रत्येक नेमबाजापुढचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर शुमान यांच्या कारकिर्दीत सापडते. १९९२, १९९६ आणि २००४ ची सुवर्णपदके त्यांनी शॉर्टवर जिंकली. २००८ मध्ये बीजिंगला लाँग रायफलचे पिस्तूल घेऊन ते पुन्हा उतरले आणि रौप्यपदक घेऊन परतले. सुवर्ण युक्रेनच्या ऑलेक्झांडर पेत्रिव यांना मिळाले. पिस्तूल बदलले, गुण काहीसे खाली आले. पण पहिल्या फळीतला नेमबाज पहिल्या फळीतच राहिला. चार वर्षांनी लंडनमध्ये भारतीय लष्कराच्या विजय कुमार यांनी याच प्रकारात, याच नव्या जातीच्या पिस्तुलावर रौप्यपदक जिंकले. भारताच्या पिस्तूल नेमबाजाचे ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

परदेशी मालक आणि भारतीय परवानाधारक

येथपर्यंतच्या कथेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पिस्तूल आवडले नाही तर ते विकावे आणि दुसरे घ्यावे! अमेरिकन मालकाला हे सहज शक्य असते, म्हणून त्याची प्रतिक्रिया बहुतांशी आवडीनिवडीची असते. भारतीय नेमबाजाची गोष्ट वेगळी आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार प्रत्येक शस्त्र परवान्यावर नोंदलेले असते आणि परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. अहमदपूरच्या अर्जदाराला त्यासाठी लातूर गाठावे लागते. पोलिसांचा चौकशी अहवाल, कागदपत्रे, प्रतीक्षा हे सारे ओघाने आलेच. जवळचे शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे, तर तसे लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयात बंद आहे. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक किमान गुण मिळवून ‘नामांकित नेमबाज’ ठरलेल्या खेळाडूलाच राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीने परदेशी पिस्तूल मागवता येते. म्हणजे चांगले पिस्तूल मिळवण्यासाठी चांगले गुण हवेत आणि चांगल्या गुणांसाठी चांगले पिस्तूल हवे, असा हा पेच आहे.

कायद्यातील अलीकडच्या बदलांनी हा पेच एका बाजूने आवळला आणि दुसऱ्या बाजूने सैल केला. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षांची केली. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने क्रीडा नेमबाजांना सवलती वाढवून दिल्या. दोनहून अधिक प्रकारांत प्राविण्य मिळवलेल्या नामांकित नेमबाजाला कमाल बारापर्यंत शस्त्रे ठेवण्याची मुभा मिळाली आणि सरावाच्या काडतुसांचा वार्षिक कोटाही वाढला. नवोदितांसाठीही तरतूद झाली. तथापि या सवलतींचा लाभ मुख्यतः जो आधीच वर पोहोचला आहे त्याला होतो.

अशा परिस्थितीत पिस्तुलाच्या रचनेतील बदल हा भारतीय नेमबाजाच्या वर्षा-दोन वर्षांच्या नियोजनाचा प्रश्न ठरतो. युरोपात दीड-दोन हजार युरोंच्या घरात असलेले पिस्तूल एकदा आणले की त्याचे गुणदोष पत्करून, मूठ घासून, तोल साधून त्याच्याशी जमवून घ्यावे लागते. नव्या आवृत्तीची जाहिरात पाहून हुरळून जाणे त्याला परवडत नाही. २००५ च्या बदलाचे एक फलित मात्र त्याच्या पथ्यावर पडले. स्पोर्ट, स्टँडर्ड आणि रॅपिड फायर या तिन्ही प्रकारांसाठी आता एकच पिस्तूल आणि एकाच जातीचे काडतूस पुरते. क्लबच्या मालकीचे एक पिस्तूल अधिक मुलामुलींच्या हाती फिरू शकते. ज्या नियमाने युरोपातील जुन्या मालकांची पिस्तुले कपाटात गेली, त्याच नियमाने साधनांची टंचाई असलेल्या देशातील नवोदितांची वाट थोडी रुंद झाली.

महाराष्ट्राचा अनुभव

भारतातील नेमबाजीच्या संघटनेचा पाया एका मराठी माणसाने घातला, हे फारसे आठवले जात नाही. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेची मावळणकर स्पर्धा त्यांच्याच नावाने भरत आली आहे.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पूर्वीपासून लाँग रायफलच वापरले जाते. त्यात पहिल्या ३० गोळ्या सावकाश, पाच मिनिटांत पाच अशा झाडायच्या. पुढच्या ३० गोळ्यांना लक्ष्य दर वेळी केवळ ३ सेकंद दिसते, मग ७ सेकंद हात खाली. एकाच पिस्तुलाने संयम आणि चपळाई दोन्ही साधायची असल्याने येथे तोलाची आणि चापाची कसोटी लागते. या प्रकारात महाराष्ट्राच्या मुलींनी मोठे नाव मिळवले. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी वैयक्तिक सुवर्ण, कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्य आणि दोघींनी मिळून सांघिक सुवर्ण जिंकले. २०१४ मध्ये ग्लासगोला क्रम उलटला. राही यांना सुवर्ण आणि अनिसा यांना रौप्य मिळाले. त्याआधी २०१३ मध्ये चँगवॉन येथे राही यांनी विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण मिळवले होते.

त्यानंतर कोपराच्या दुखापतीने राही यांना ग्रासले. किलोभराहून जड पिस्तूल एका हाताने, लांब धरून, दिवसाला शेकडो वेळा उचलायचे, याची किंमत शरीर कशी मोजते, हे या दुखापतीने दाखवून दिले. पुढे मंगोलियात जन्मलेल्या आणि नंतर जर्मनीकडून खेळलेल्या मुंखबायार दोर्जसुरेन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. दोर्जसुरेन यांनी स्वतः १९९२ आणि २००८ अशी सोळा वर्षांच्या अंतराने या प्रकारातील दोन ऑलिंपिक कांस्यपदके मिळवली आहेत. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांग येथे थायलंडच्या प्रतिस्पर्धीशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि दोनदा झालेल्या शूट-ऑफनंतर राही यांनी सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेही याच लाँग रायफल काडतुसावर.

या यशामागे कोल्हापूरची दुधाळी रेंज, पुण्याचे बालेवाडी संकुल, मुंबईची वरळी रेंज ही नावे वारंवार येतात. नळीतून निघालेल्या गोळीला भिंत, बंधारा आणि प्रशिक्षित देखरेख लागते. ते सारे जेथे आहे तेथे नेमबाज घडतात.

अहमदपूरहून पाहताना

अहमदपूरहून पुणे सुमारे चारशे किलोमीटर. येथील मुलीला वा मुलाला नेमबाजीची सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलापासून करणे शक्य आहे. ४.५ मिलिमीटरचे छर्रे झाडणाऱ्या स्पर्धेच्या हवाई पिस्तुलाला शस्त्र परवान्याचा जाच नाही आणि मोठ्या खोलीतही सराव होऊ शकतो. खरी पायरी पुढची आहे. .२२ कडे वळायचे तर परवाना, रेंज, काडतुसे आणि पिस्तूल या चारही गोष्टी एकदम लागतात. यांतली एकही मिळाली नाही तर उरलेल्या तीन निरुपयोगी ठरतात.

पिस्तुलाच्या नव्या घाटाबद्दल जगभरच्या नेमबाजांनी दिलेला कौल पाहिला तर त्यात एक सुसंगती आढळते. खोलण्या-जोडण्याची सोय झाली, तर त्यांनी तिचे स्वागत केले. चापात लुडबुड झाली, तर नाराजी व्यक्त केली. सुरक्षेत उणीव दिसली, तेव्हा ती दूर होणे भागच होते. नियमानेच पिस्तूल बदलले, तेव्हा कुरकुर करीत का होईना, त्यांनी नव्याने सराव केला. हत्यार बदलल्यामुळे चांगला नेमबाज फार काळ मागे राहिला नाही. मागे राहतो तो ज्याच्या हाती पिस्तूलच पोहोचत नाही. लातूर-नांदेड परिसरात एखादी सुसज्ज २५ मीटर रेंज आणि क्लबच्या मालकीची चार पिस्तुले उपलब्ध झाली, तर मूठ कोणत्या घाटाची असावी यावर मत देण्याचा अधिकार येथील मुलेही कमावतील.